पिकअपचे मागचे पाटे आणि शॉकअप: नेमकं काय वाढवायचं?

निफाडी

१.७ टनी पिकअप, मागे साधे कमानपाटे (एकावर एक रचलेले बाकदार पोलादी पाटे, त्यांचा संच म्हणजे कमान). माल हंगामाप्रमाणे द्राक्षं, टोमॅटो, कांदा. परतीला गाडी बहुतेक रिकामी. भरल्यावर मागून बसते आणि खड्ड्यात बंप रबर (एक्सल वर आदळू नये म्हणून लावलेला रबरी ठोकळा) आपटतं. मापं घेतली आहेत ती देतो.

कमानीत ७ पाटे, प्रत्येक ७० मि.मी. रुंद, ८ मि.मी. जाड. मेन पाटा (सगळ्यात वरचा, लांब) बुशच्या (टोकाच्या गुंडाळीत बसणारी नळी) मध्यापासून मध्यापर्यंत १२५० मि.मी. हेल्पर पाटा (जास्त वजन आल्यावरच टेकणारा जादा पाटा) नाही.
भुईकाट्यावर नुसता मागचा एक्सल: रिकामी ७५० किलो, भरून २२५० किलो.
बंप रबर आणि एक्सल यांच्यातली फट, सपाट फरशीवर: रिकामी असताना उजवीकडे ११५ मि.मी., डावीकडे १००. भरल्यावर उजवीकडे ११, डावीकडे रबर टेकलेलं.

दोन सल्ले मिळालेत. पहिला, मेनच्या खालचा एक पाटा काढून तिथे १० मि.मी.चा टाका. दुसरा, खालून ८०० मि.मी. लांबीचे, १० मि.मी. जाडीचे दोन सरळ पाटे द्या. शॉकअप (गाडीचे हेलकावे थांबवणाऱ्या तेलाच्या नळ्या) वरून कोरडे दिसतात. काय करावं?

मीटरपट्टी

मापं देऊन धागा काढलात हे फार चांगलं केलंत. या आकड्यांतून पुष्कळ कळतं.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. गाडीची उंची आणि कमानीचा ताठरपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुनी कमान "नरम पडते" असं आपण म्हणतो, पण पोलाद नरम पडत नाही. पाट्याचा बाक कमी होतो. किती किलोला किती दबायचं हे पाट्याची जाडी, रुंदी, लांबी आणि पाट्यांची संख्या यांवर ठरतं, आणि ते दहा वर्षांनीही तेवढंच राहतं, फक्त पाटा तुटलेला किंवा गंजून झिजलेला नसावा.

तुमच्या मापांवरून हिशेब केला: एका कमानीचा ताठरपणा साधारण ७२ किलो प्रति सें.मी., दोन्ही मिळून १४४. एक्सलवर १५०० किलो वाढले की कमान १०.४ सें.मी. दबायला हवी. उजवीकडे ११५ वरून ११ झाले, म्हणजे बरोबर १०४ मि.मी. उजव्या कमानीचा ताठरपणा शाबूत आहे. तिचा बाक कमी झाला असेल तर तेवढाच.

डावीकडे रिकाम्या गाडीतच १५ मि.मी. कमी आहेत. डावी बाजू थोडी आधी बसणं आपल्याकडे नेहमीचं आहे, कारण रस्त्याचा उतार डाव्या कडेला असतो आणि डावी चाकं साइडपट्टीवर उतरतात. पण १५ मि.मी. जास्त आहेत. काहीही विकत घेण्याआधी डावी कमान खोलून बघा.

घाटवाट

मीटरपट्टी ताईंशी सहमत. खोलण्याआधी वायर ब्रश मारून चांगल्या उजेडात बघा. पाटा कुठे तुटला आहे त्यावरून कारण कळतं.

मधोमध, सेंटर बोल्टाच्या भोकातून तुटला असेल तर यू-बोल्ट (कमान एक्सलला आवळून धरणारे) ढिले होते. सेंटर बोल्ट पाटे एका रेषेत ठेवतो आणि त्याचं डोकं एक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं, एवढंच त्याचं काम. पकड यू-बोल्टांची असते. यू-बोल्ट ढिला पडला की पाटा मध्यावर वाकायला लागतो, आणि भोकामुळे तिथेच तो सगळ्यात कमजोर असतो.

बैठकीच्या कडेला तुटला तर जास्तीचा माल, किंवा बैठकीची कडा पाट्यात रुतलेली.
टोकाच्या गुंडाळीजवळ मेन पाटा तुटला तर बुश संपलेला, नाहीतर शॅकलचा (कमानीचं मागचं टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा झुलता दुवा) बोल्ट गंजून जाम झालेला. शॅकल फिरत नाही आणि सगळा पीळ मेन पाट्यावर येतो.

निफाडी

वायर ब्रश मारून बघितलं. डावीकडचा वरून तिसरा पाटा सेंटर बोल्टाजवळ तुटला आहे. खोलला नाही तोवर दोन्ही तुकडे जागेवरच होते, म्हणून दिसत नव्हतं. त्या बाजूच्या यू-बोल्टच्या चारपैकी दोन नटा साध्या पान्याने अर्धा आटा फिरल्या.

घाटवाट

म्हणजे दोन आजार आहेत. डावीकडे ढिल्या पकडीने तुटलेला पाटा, आणि दोन्हीकडे मालाच्या मानाने कमी पडणारी उंची. नुसता जाड पाटा टाकला असता तर पहिला आजार तसाच राहिला असता आणि नवा पाटाही त्याच जागी गेला असता.

मीटरपट्टी

आता दोन्ही सल्ल्यांकडे येते.

पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो. ८ चा घन ५१२, १० चा १०००. म्हणजे १० मि.मी.चा एक पाटा ८ मि.मी.च्या जवळजवळ दोन पाट्यांएवढा. सातांपैकी एक काढून १० चा टाकला तर कमान सुमारे १४ टक्के ताठर होते. ८ मि.मी.चा आठवा पाटा जोडला तरी तेवढीच वाढ मिळते, साधारण १४ टक्के.

फरक ताणात आहे. कमान दबते तेव्हा सगळे पाटे एकत्र वाकतात, आणि सारख्याच वाकण्याला पाट्यावरचा ताण जाडीच्या प्रमाणात येतो. आठच्या शेजारी बसलेला १० चा पाटा दर खड्ड्याला २५ टक्के जास्त ताण खातो. तो आधी तुटणार. त्यामुळे १० चा एकच पाटा मिसळू नका. आठवा पाटा ८ चाच, वरच्या-खालच्यांच्या लांबीत बसेल अशा पायरीचा, आणि शेजारच्यांपेक्षा किंचित जास्त बाकाचा.

दुसरा सल्ला, आखूड जाड पाट्यांचा, जास्त धोक्याचा आहे. लांबी कमी झाली की ताठरपणा तिच्याही घनाने वाढतो. ८०० लांब आणि १० जाड असा एकच पाटा साधारण ७५ किलो प्रति सें.मी. देतो. तुमच्या सातही पाट्यांची मिळून जेवढी ताकद, तेवढी त्या एकाची. दोन टाकलेत तर ते टेकताक्षणी कमान तिपटीने ताठर होते. टोमॅटोच्या खालच्या क्रेटला तो धक्का तसाच्या तसा बसतो. शिवाय तेवढ्याच दबण्याला त्या आखूड पाट्यावर लांब पाट्याच्या तिप्पट ताण येतो.

घाटवाट

हेल्परला सरसकट वाईट म्हणू नये असं मला वाटतं. द्राक्षाच्या फेरीला क्रेटची जागा आधी भरते, वजन त्या मानाने कमी भरतं. कांद्याला उलटं. कमान कायमची ताठर केली तर द्राक्षाच्या फेरीत आणि परतीच्या रिकाम्या फेरीत गाडी उड्या मारते. हेल्पर फक्त वजन वाढल्यावर कामाला लागतो.

फक्त तो नीट मापाचा हवा. एकच पाटा, ८ मि.मी. जाड, लांबी ९५० च्या आसपास. रिकाम्या गाडीत त्याची टोकं वरच्या पाट्यापासून सुटलेली असावीत आणि साधारण ६० टक्के माल भरल्यावर टेकावीत. फट किती ठेवायची ते गाडीवरच बघायचं. निम्मा माल भरा, टोक आणि वरचा पाटा यांच्या फटीत कागद सरकवून बघा, अजून सरकत असेल तर बरोबर.

मीटरपट्टी

मान्य. त्या मापाचा हेल्पर २३-२४ किलो प्रति सें.मी. देतो, त्याने कमान दगड होत नाही. दर फेरीला पूर्ण वजन असेल तर आठवा पाटा, माल बदलता असेल तर हेल्पर, असा निवाडा करता येईल. निफाडी यांचा माल बदलता आहे, पण बंप रबर आपटतं ते बाक गेल्यामुळेही. म्हणून बाकाचं आधी.

कमानगल्ली

बाकाबद्दल सांगतो. जुन्या पाट्याला दोन प्रकारे बाक देतात: थंड पाटा ऐरणीवर घणाने ठोकून, किंवा भट्टीत लाल करून वाकवून, तेलात विझवून, पुन्हा हलकं तापवून. थंड ठोकलेला बाक थोड्याच फेऱ्यांत उतरतो. त्याहून वाईट म्हणजे घणाच्या खुणा. गाडीत कमान बसलेली असताना प्रत्येक पाट्याची वरची बाजू ताणाखाली असते. वरच्या बाजूवर पडलेला प्रत्येक खळगा म्हणजे उद्याच्या तड्याची सुरुवात.

भट्टीचं काम नीट झालं तर टिकतं, पण दोन अटी. पाण्यात विझवायचं नाही, तेलातच. आणि विझवल्यावर पुन्हा तापवण्याची पायरी गाळायची नाही, नाहीतर पाटा काचेसारखा होतो. कारखान्यात पाट्याच्या पृष्ठभागावर बारीक छऱ्यांचा मारा केलेला असतो, त्याने वरचा थर दाबाखाली राहतो आणि तडे लवकर सुरू होत नाहीत. भट्टीत घातलं की तो फायदा जातो. म्हणून जुनी कमान भट्टीतून काढून नव्याएवढी होत नाही.

पाटा तुटलेला असेल आणि बाकीचेही गंजून पातळ झाले असतील तर नवीन कमानी जोडीने घ्या. एकीकडे नवी, एकीकडे जुनी ठेवली तर गाडी तिरकी उभी राहते. नवी कमान घेताना विचारा की ती दाबून बसवलेली आहे का. चांगल्या ठिकाणी कमान तयार झाल्यावर प्रेसखाली दोन-तीनदा पूर्ण सरळ होईपर्यंत दाबतात, सुरुवातीचं बसणं तिथेच संपतं. तसं केलेलं नसेल तर पहिल्या महिन्यात ८-१० मि.मी. उंची गाडीवर जाते आणि गिऱ्हाईकाला वाटतं माल खोटा.

तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग कधीच नाही. या पोलादात कार्बन अर्धा टक्का आणि वर असतो. वेल्डच्या कडेची पट्टी ठिसूळ होते आणि पाटा तिथेच परत तुटतो.

निफाडी

मायक्रोमीटर लावला. बाकीचे पाटे टोकांकडे ७.२ ते ७.५ मि.मी. भरतात, म्हणजे झिजले आहेत. दोन्ही नव्या कमानी घेतो आणि प्रत्येकीत ८ मि.मी.चा एक हेल्पर. यू-बोल्ट जुने चालतील का? आटे चांगले दिसतात.

स्पॅनर_सतरा

नाही. यू-बोल्ट एकदा आवळला की ताणला जातो, खोलून पुन्हा लावला की त्याची पकड भरवशाची राहत नाही. आठही नटा, चारही बोल्ट नवे. आणि हेल्परने कमानीची जाडी ८ मि.मी. वाढणार, म्हणून बोल्ट तेवढा लांब घ्या. आवळल्यावर नटेच्या बाहेर किमान तीन आटे दिसले पाहिजेत. गॅसने तापवून वाकवलेले यू-बोल्ट मिळतात, ते घेऊ नका. जुना बोल्ट बरोबर न्या, वाकाची त्रिज्या जुळली पाहिजे. वाक मोठा असला तर बोल्ट पाट्याच्या कडेवर चढतो आणि काही दिवसांनी सरकून ढिला होतो.

सेंटर बोल्टही नवा. त्याच्या डोक्याचा व्यास एक्सलच्या बैठकीतल्या भोकाशी जुळवून बघा. डोकं लहान असेल तर एक्सल भोकात मागे-पुढे खेळतो आणि गाडी तिरकी धावते.

घाटवाट

बसवायचा क्रम लिहितो. एका वेळी एकच बाजू खोलायची, दुसरी बाजू एक्सलला जागेवर धरून ठेवते.

सपाट, टणक जागा. पुढच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. जॅकने चेसी (गाडीचा सांगाडा) उचलून पुढच्या हँगरच्या (कमानीचं टोक धरणारा चेसीवरचा ब्रॅकेट) थोडं पुढे चेसीखाली घोडे (आधाराचे स्टँड) लावा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नका. एक्सलखाली दुसरा जॅक, वजन घेण्यापुरताच. चाक काढा, शॉकअपचा खालचा बोल्ट काढा. ब्रेकचा रबरी पाइप, हँडब्रेकची केबल आणि एक्सलच्या श्वासनळीचा पाइप यांच्यावर ओढ येत नाही ना ते एक्सल खाली करताना बघत राहा. लोड सेन्सिंग व्हॉल्व्हची (वजनाप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा) कांडी असेल तर ती आत्ताच सोडवून ठेवा, नाहीतर वाकते.

आधी यू-बोल्ट, मग शॅकल, शेवटी पुढच्या हँगरचा बोल्ट. तो बहुधा बुशच्या नळीत गंजलेला असतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. गॅस लावायची वेळ आली तर कमान फेकायची असेल तेव्हाच लावा.

नवी कमान चढवण्याआधी एक्सलची बैठक तासून स्वच्छ करा. तिथे रंगाचा किंवा गंजाचा थर राहिला तर तो पुढे चिरडून जातो आणि तेवढाच यू-बोल्ट ढिला पडतो. पुढचा बोल्ट, शॅकल, मग सेंटर बोल्टाचं डोकं बैठकीच्या भोकात. हे डोळ्यांनी बघून घ्या, अंदाजाने नाही. मग यू-बोल्ट.

स्पॅनर_सतरा

यू-बोल्ट आडव्या-तिडव्या क्रमाने, तीन टप्प्यांत. पहिला टप्पा ३० न्यूटन-मीटर, दुसरा ७०, तिसरा पूर्ण. पूर्ण आकडा गाडीच्या पुस्तकातला. तो नसेल तर ८.८ ग्रेडच्या १४ मि.मी. बोल्टाला साधारण १२० ते १३०. टॉर्क पाना लावाच. हवेच्या गनने मारलेल्या चार नटा चार वेगळ्या ताणांवर असतात.

हँगर आणि शॅकलचे बोल्ट मात्र या वेळी फक्त हाताने लावून ठेवा. रबरी बुश असेल तर त्यांचं शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी राहून रिकाम्या उंचीवर आल्यावर करायचं. गाडी हवेत असताना आवळलं की बुशचं रबर त्याच स्थितीत पकडलं जातं. मग गाडी खाली आली की ते कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. नवे बुश लगेच गेल्याच्या ज्या तक्रारी येतात, त्यातल्या पुष्कळ इथूनच निघतात.

दोन्ही बाजू झाल्यावर पुढच्या हँगरच्या बोल्टापासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्हीकडे टेप लावा. फरक ३ मि.मी.च्या आत हवा.

समुद्रकाठ

किनाऱ्याच्या बाजूच्या गाड्यांसाठी यात भर. रत्नागिरी, मालवण ते गोव्यापर्यंत मासळीच्या गाड्यांत क्रेटमधून बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या फटींतून थेट कमानीवर गळतं. गंज पाट्यांच्या मध्ये धरतो आणि फुगतो. तो पाटे एकमेकांपासून उचलतो, पण यू-बोल्टच्या खाली मात्र चिरडला जाऊन झडतो. बाहेरून कमान जाड आणि भक्कम दिसते, आत पकड गेलेली असते. दर फेरीनंतर साध्या पाण्याने खालून धुवा, आणि यू-बोल्ट तपासण्याची वेळ इतरांपेक्षा निम्म्यावर आणा. हौद्यात गळतीला एक पन्हाळ काढून पाणी चेसीच्या मागे सोडता आलं तर निम्मं काम होतं.

पाट्यांमध्ये लावायचंच असेल तर ग्रॅफाइट ग्रीस, तेही जोडणीच्या वेळी पुसट थर. साध्या ग्रीसला धूळ चिकटून त्याचा पॉलिश पेपर होतो. जळकं ऑइल खालून फवारायची पद्धत बंद करावी, त्या ऑइलने बुश आणि बंप रबर फुगून मऊ पडतात.

न्यूटनमीटर

आता शॉकअप. वरून कोरडे दिसतात याचा अर्थ चांगले आहेत असा होत नाही. पाट्यांच्या गाडीत हौद्याला दाबून सोडण्याची परीक्षाही फसवी आहे. पाटे एकमेकांवर घासूनच गाडीचं हलणं थांबतं आणि मेलेला शॉकअपही चांगला वाटतो. खराब रस्त्यावर १५-२० किलोमीटर चालवून थांबा आणि शॉकअपच्या नळीला हात लावा, सायलेन्सरपासून जपून. काम करणारा शॉकअप कोमट ते गरम असतो. थंड असेल तो नुसताच लटकलेला आहे.

किती जोराचा घ्यायचा? शॉकअपचा रोध कमानीच्या ताठरपणाच्या वर्गमुळाने वाढवावा लागतो. कमान ३० टक्के ताठर झाली तर शॉकअप साधारण १४ टक्के जोराचा पुरतो. "डबल हेवी" म्हणून जे मिळतं ते रिकाम्या गाडीला चाक रस्त्यावरून उचलून धरतं. खड्ड्यात चाक खाली जायला वेळ लागतो, वळणावर मागून गाडी सरकते.

रिकाम्या गाडीच्या उड्या शॉकअपने किती थांबतील यालाही मर्यादा आहे. निफाडींच्या गाडीत रिकामं असताना, ७५० मधून एक्सल-चाकांचं स्वतःचं वजन वगळून, कमानींवर साधारण ५५० किलो, म्हणजे कमान ३.८ सें.मी. दबलेली. यातून सेकंदाला सुमारे २.६ हेलकावे निघतात. भरल्यावर १.३. कमान ३० टक्के ताठर केली तर रिकामी जवळजवळ २.९ होते. हेल्पर रिकाम्यात सुटलेला असेल तर २.६ च राहते. मी हेल्परच्या बाजूने का आहे ते या आकड्यांत दिसेल.

लांबी मात्र सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच कोणी मोजत नाही. रिकाम्या गाडीत वरच्या-खालच्या बोल्टांमधलं अंतर मोजा. त्यातून बंप रबरची फट आणि रबराची निम्मी उंची वजा करा. शॉकअपची पूर्ण दाबलेली लांबी त्याहून किमान १५ मि.मी. कमी हवी. नाहीतर रबर टेकण्याआधी शॉकअप आतून आपटतो आणि त्याचा वरचा डोळा किंवा चेसीवरचा ब्रॅकेट फाटतो. उलट बाजूने, एक्सल पूर्ण लटकल्यावरही शॉकअपमध्ये २० मि.मी. तरी शिल्लक राहावेत. नव्या कमानीने गाडी २०-२५ मि.मी. उचलली की जुन्या लांबीचा शॉकअप इथे कमी पडू शकतो.

तिरका बसवलेला शॉकअप कमी काम करतो. उभ्यापासून ३० अंश कलला तर ७५ टक्के, ४५ अंशांवर निम्मा. त्यामुळे ब्रॅकेट हलवून "जागा करून देणं" टाळा.

बसवण्याआधी दुहेरी नळीचा शॉकअप उभा धरून, दांडा वर, पूर्ण ओढा आणि पूर्ण दाबा, चार-पाच वेळा. दुकानात आडवा पडून आतल्या तेलात हवा शिरलेली असते. पहिल्या दोन वेळा मध्येच मोकळा झटका लागतो, मग एकसारखा जड जातो. तो एकसारखा होईपर्यंत बसवू नका, आणि मधल्या काळात परत आडवा ठेवू नका.

मीटरपट्टी

घाटवाट यांनी लोड सेन्सिंग व्हॉल्व्हचा उल्लेख केला. त्यावर सविस्तर लिहायलाच हवं, कारण इथे चूक झाली तर जिवावर येतं.

हा व्हॉल्व्ह चेसी आणि एक्सल यांच्यातलं अंतर बघून मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. अंतर जास्त म्हणजे गाडी रिकामी, मागे दाब कमी. अंतर कमी म्हणजे गाडी भरलेली, दाब पूर्ण. तुम्ही नव्या कमानीने मागची बाजू २५ मि.मी. उचललीत की भरलेली गाडीही व्हॉल्व्हला अर्धी रिकामी वाटते. मागचे ब्रेक कमी लागतात, सगळा भार पुढच्यांवर. कसारा घाट उतरताना पुढचे ब्रेक तापून पेडल मऊ व्हायला हे पुरेसं आहे.

पाट्यांचं काम झाल्यावर कांडीची लांबी गाडीच्या पुस्तकाप्रमाणे नव्याने लावून घ्या. काही जण कांडी तारेने वर बांधून टाकतात, म्हणजे दाब कायम पूर्ण. असं करू नका. रिकामी गाडी, ओला रस्ता आणि मागची चाकं जाम, गाडी गर्रकन फिरते.

घाटवाट

त्याच उंचीचा आणखी एक परिणाम. मागचा एक्सल खाली गेला की प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा फिरता दांडा) कोन बदलतो. रिकाम्या गाडीत पहिल्या-दुसऱ्या गिअरला उचलताना थरथर आली, किंवा ठराविक वेगाला गुणगुण आली, तर शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस आणि सेंटर बेअरिंग बघा. दोन्ही चांगले असतील तर कमान आणि बैठक यांच्यामध्ये २-३ अंशांची पोलादी पाचर देऊन डिफरन्शियलचं नाक सरळ रेषेत आणता येतं. पाचर दोन्हीकडे सारखी, आणि जाड टोक कुठल्या बाजूला ते कोन मोजून ठरवा. २५ मि.मी.पर्यंतच्या बदलाला सहसा लागत नाही.

शॅकलही बघा. रिकाम्या गाडीत त्याचं खालचं टोक थोडं मागे झुकलेलं असावं. जास्त बाकाची कमान आखूड पडते, शॅकल उभा किंवा पुढे कलतो, आणि मोठ्या खड्ड्यात उलटा अडकतो. तसं दिसलं तर कमानीचा बाक जास्त झाला आहे, परत पाठवा.

स्पॅनर_सतरा

आणि हेडलाइट. मागची बाजू वर गेली की झोत खाली पडतो. पुन्हा लावून घ्या.

मीटरपट्टी

एक आकडा राहिला. २२५० किलो मागच्या एक्सलवर, म्हणजे एका टायरवर ११२५. टायरच्या बाजूवर भारांक असतो: ११० म्हणजे १०६० किलो, ११२ म्हणजे ११२०. दोन आकडे तिरक्या रेघेने दिले असतील तर पहिला घ्यायचा, दुसरा जोडचाकांसाठी. ११२ चा टायर असला तरी तुम्ही काठाच्या बाहेर आहात. कमान ताठर केल्याने टायर, हौसिंग आणि बेअरिंग यांची ताकद वाढत नाही. आरसीवरचं एकूण वजनही तेवढंच राहतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जास्तीच्या मालाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० असा दंड आहे, आणि कलम ५२ मुळे गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. म्हणून कमान त्याच जागी, त्याच रुंदीची, त्याच हँगरवर ठेवा. चेसीवर वेल्डिंग किंवा नवं भोक अजिबात नाही.

माल १०० किलोने कमी करा, किंवा जड गोणी केबिनला चिकटून लावा. मागच्या फळीजवळचं वजन एक्सलवर स्वतःपेक्षा जास्त पडतं, पुढचं कमी. रचना बदलून भुईकाट्यावर परत मोजा, फरक दिसेल.

निफाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. यादी अशी केली आहे, चूक असेल तर सांगा: ७ पाट्यांच्या दोन नव्या कमानी, ८ मि.मी. जाडीचे ९५० लांबीचे दोन हेल्पर, दोन लांब सेंटर बोल्ट, चार यू-बोल्ट आणि आठ नटा, हँगर आणि शॅकलचे सगळे बुश, शॅकलचे बोल्ट, दोन बंप रबर, एक पायरी जोराचे दोन शॉकअप. कांद्याच्या फेरीला वजन २१५० च्या आत ठेवतो. टायरचा भारांक ११२ आहे.

कमानगल्ली

हेल्परला टोकाखाली क्लिप लावायची नाही, तो मोकळाच राहू द्या. मेन कमानीच्या क्लिपा घट्ट दाबू नका. पाटे दबताना एकमेकांवर सरकले पाहिजेत, क्लिपने ते फक्त बाजूला जाण्यापासून थांबायला हवेत. क्लिपच्या बोल्टावरची नळी विसरू नका, तीच क्लिप चेपू देत नाही.

स्पॅनर_सतरा

यादी बरोबर आहे. काम झालं की प्रत्येक यू-बोल्टच्या नटेवरून प्लेटवर पांढऱ्या रंगाची एक रेघ मारा, नट फिरली तर रेघ तुटलेली दिसते. रेघ शाबूत असली तरी टॉर्क पाना लावायचाच, कारण पाट्यांमधला रंग आणि गंज दबला की नट न फिरताही ताण उतरतो. पहिल्यांदा १०० किलोमीटरनंतर, मग पहिल्या भरलेल्या फेरीनंतर, मग १००० ला, आणि पुढे दर सर्व्हिसिंगला. प्रत्येक वेळी गाडी चाकांवर उभी असताना.

मीटरपट्टी

१००० च्या तपासणीला चारही फटी परत मोजा, डावी-उजवी, रिकामी आणि भरलेली, आणि इथेच टाका. नव्या कमानी दाबून बसवलेल्या असतील तर रिकाम्या फटीत पहिल्या दिवसापासून ३-४ मि.मी.पेक्षा जास्त फरक पडायला नको. भरलेली फट ३० च्या वर राहिली की हेल्परची जागाही बरोबर आली असं समजा. त्याहून कमी असेल तर शॉकअपला हात लावण्याआधी हेल्परचं टोक कधी टेकतं ते कागद सरकवून बघा.